जनुक आठपट वाढलं, पण वाढवलं कोणी?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात आहात आणि काम अशा पिकावर आहे ज्यात तयार म्युटंट, म्हणजे हवं ते जनुक बिघडलेली रोपं, मिळत नाहीत. पाणी तोडल्यावर दहाव्या दिवशी पानांतलं एका ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरचं, म्हणजे इतर जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनाचं, जनुक क्यूपीसीआरमध्ये, म्हणजे जनुकाच्या आरएनए संदेशाच्या प्रती मोजणाऱ्या चाचणीत, आठपट वाढलेलं दिसलं. त्याच्या प्रमोटरमध्ये, म्हणजे जनुकाच्या आधीच्या दीड हजार अक्षरांत, तुम्हाला 'ड्रे' हा दुष्काळाशी जोडला जाणारा घटकही सापडला. त्यावरून तुम्ही प्रबंधाचं शीर्षक ठरवलं, 'अमुक जनुक दुष्काळसहनशीलतेचं नियमन करतं', आणि मार्गदर्शकांनी त्याच्यापुढे लाल पेनाने एवढंच लिहिलं: 'नियमन कुठे आहे?' आता हातात दहा महिने आहेत आणि आणखी कोणता एक प्रयोग केला की काम होईल, असं तुम्ही विचारता आहात.

मी मार्गदर्शकांच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. फक्त त्यांनी तीन प्रश्न एकाच ओळीत कोंबले आहेत. ही वाढ खरोखर पाणी कमी पडल्यामुळे झाली का, हा पहिला. झाली असेल तर जनुकाला वर कोण खेचतं आणि कोणत्या पायरीवर, हा दुसरा. आणि ते वर गेल्याने झाडाला काही फरक पडतो का, हा तिसरा. तुमचा क्यूपीसीआर पहिल्या प्रश्नाबद्दल काहीतरी सांगतो, ड्रे दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवतो आणि शीर्षक मात्र तिसऱ्याचं उत्तर देऊन मोकळं झालं आहे. घोडं अडलंय ते इथे. त्यामुळे 'कोणता एक प्रयोग' याला माझ्याकडे उत्तर नाही, पण कोणत्या क्रमाने शंका घ्यायच्या हे सांगू शकते.

पहिल्या प्रश्नावर मी विद्यार्थ्यांचा सगळ्यात जास्त वेळ घेते. त्यांना ते आवडत नाही, कारण त्यात नवीन यंत्र नसतं, फक्त जुन्याच कामाची उलटतपासणी असते. पण फसगत होते ती इथेच. माझ्या स्वतःच्या पीएचडीतले सहा महिने असेच गेले. कंट्रोल, म्हणजे नेहमीसारखं पाणी मिळणाऱ्या, रोपांची पानं मी सकाळी नऊला काढायची, कारण त्यांच्यावर दुसरं काहीच करायचं नसायचं. ताण दिलेल्या रोपांच्या कुंड्यांचं वजन, पानांतल्या पाण्याचं मोजमाप, नोंदी हे सगळं उरकेपर्यंत दोन वाजायचे आणि मग त्यांची पानं द्रव नायट्रोजनमध्ये जायची. बारा जनुकं 'ताणाने वाढलेली' मिळाली. मी खूश. एका सहकाऱ्याने सहज विचारलं, 'कंट्रोल कधी दोन वाजता काढलंस का?' नव्हतं काढलं. काढल्यावर कळलं की बारातली नऊ जनुकं निव्वळ दुपार झाली म्हणून वाढत होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. कावळ्यावर मी अर्धा प्रबंध लिहून बसले होते!

हा अपवाद नाही. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये (प्रयोगशाळेतलं नेहमीचं छोटं रोप) साधारण एक तृतीयांश जनुकं जैविक घड्याळाच्या तालावर दिवसभरात वरखाली होतात, आणि ताणाला उत्तर देणारी कितीतरी जनुकं त्यांत आहेत. म्हणून तुमच्या नोंदवहीत पहिली गोष्ट बघा: कंट्रोल आणि ताण दिलेली पानं एकाच तासात काढली होती का? तारीख नव्हे, तास. नोंदच नसेल तर तो प्रयोग पुन्हा करावा लागेल, याला पर्याय नाही.

दुसरी शंका हाताची. १९९० साली जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस यांनी अ‍ॅराबिडॉप्सिसवर संप्रेरकांचे फवारे मारून कोणती जनुकं जागी होतात ते पाहायला घेतलं. काही जनुकं भराभर वाढली. पण नुसत्या पाण्याचा फवारा मारलेल्या कंट्रोल रोपांतही तीच जनुकं तेवढीच वाढली! उत्तर संप्रेरकाला नव्हतंच, पानावर थेंब आपटण्याला होतं. वारा, पाऊस, हाताचा स्पर्श, काहीही पुरत होतं. दहा ते तीस मिनिटांत काही संदेशांचं प्रमाण शंभरपटीपर्यंत जात होतं. त्यातलं एक जनुक कॅल्मोड्युलिन या कॅल्शियम ओळखणाऱ्या प्रथिनाचं निघालं. हा प्रसंग मी दरवर्षी पहिल्याच तासाला सांगते. त्यांनी कंट्रोलवर फवाराच मारला नसता तर संप्रेरकाला उत्तर देणाऱ्या जनुकांचा सुंदर, चुकीचा शोधनिबंध छापून आला असता. आता तुमच्याकडे बघू. ताण दिलेल्या कुंड्या रोज उचलून वजन करत होता ना? आणि कंट्रोलच्या? त्या जागच्या हलल्याच नसतील तर दोन गटांत पाण्याखेरीज रोजच्या हाताळणीचाही फरक आहे.

तिसरी शंका दुष्काळाबद्दलच आहे. दुष्काळ हा काही एकटा येणारा पाहुणा नव्हे. पाणी कमी पडलं की पर्णरंध्रं मिटतात, बाष्पोत्सर्जन घटतं आणि पान तापतं. मग उष्णतेची जनुकं उठतात. कार्बन डायॉक्साइड आत येणं कमी होतं आणि वरून प्रकाश तेवढाच पडत राहतो, म्हणून ऑक्सिडेटिव्ह ताणाची उठतात. वाढ थांबते, म्हणजे दहाव्या दिवशी कंट्रोलचं पाचवं पान आणि तुमच्या रोपाचं पाचवं पान वयाने सारखी असली तरी विकासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. तुमचं जनुक यातल्या कशाला उत्तर देतंय? दहाव्या दिवशीचा एकच फोटो काढून हे कधीच कळणार नाही. चित्रफीत हवी. दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा दिवस, आणि प्रत्येक वेळी पानातलं सापेक्ष पाणी मोजलेलं: ताज्या पानाच्या वजनातून सुक्याचं वजा करायचं, पाणी पिऊन तट्ट फुगलेल्या पानाच्या वजनातूनही सुक्याचं वजा करायचं आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. पाणी नव्वद टक्क्यांवरून ऐंशीवर येताना जनुक उठत असेल तर गोष्ट वेगळी आणि पन्नासवर आल्यावर, पान मरायला टेकल्यावर उठत असेल तर वेगळी. दुसऱ्या बाबतीत ते सहनशीलतेपेक्षा पानाच्या म्हातारपणाचं जनुक असण्याची शक्यता मला जास्त वाटेल.

याच चित्रफितीला एक शेपूट जोडा: दहाव्या दिवशी पाणी परत द्या आणि दोन, सहा, चोवीस तासांनी पानं काढा, प्रत्येक वेळी त्याच तासाच्या कंट्रोलसकट. पाणी मिळाल्यावर जनुक खाली आलं तर ते पाण्याच्या स्थितीशी बांधलेलं आहे असं म्हणायला जागा आहे. नाही आलं, तर वय किंवा इजा. इतका स्वस्त आणि इतका बोलका प्रयोग दुसरा नाही, आणि तरीही माझ्याकडे परीक्षणासाठी येणाऱ्या निम्म्याहून जास्त हस्तलिखितांत तो नसतो.

क्यूपीसीआरच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. आठपट म्हणजे तीन चक्रांचा फरक, कारण दर चक्राला माल दुप्पट होतो असं आपण धरतो. प्रायमरची, म्हणजे मोजायचा भाग पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याची, क्षमता थोडी कमी असेल आणि दर चक्राला माल दुपटीऐवजी एक पूर्णांक आठपट होत असेल, तर त्याच तीन चक्रांचे सहापटही होत नाहीत. आणि तुमचं संदर्भ जनुक, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून आकडा काढला ते, अ‍ॅक्टिन म्हणालात, ताणात स्वतःच एक चक्र सरकलं असेल तर आठाचे चार होतील किंवा सोळा. वाढ थांबलेल्या पानात अ‍ॅक्टिन सरकणं मुळीच आश्चर्याचं नाही. निदान तीन संदर्भ जनुकं घ्या आणि ती तुमच्या ताणात, तुमच्या पिकात स्थिर आहेत हे आधी दाखवा. दुसऱ्याच्या निबंधात स्थिर होती हे पुरत नाही. एकाच आरएनएच्या तीन विहिरी (प्लेटमधले खड्डे) म्हणजे तीन रेप्लिकेट, म्हणजे तीन स्वतंत्र नमुने, नव्हेत, हेही राहू दे इथे लिहिलेलं. एकाच माणसाची उंची तीनदा मोजून गावाची सरासरी निघत नाही.

समजा हे सगळं पार पडलं आणि वाढ खरी ठरली. आता दुसरा प्रश्न: वाढवलं कोणी? वर्गात मी इथे शाळेतलं हौदाचं गणित काढते. एका नळाने पाणी येतं, दुसऱ्याने जातं. पातळी आठपट झाली तर कोणता नळ फिरवला? क्यूपीसीआर पातळी मोजतो, नळ मोजत नाही. नवीन संदेश जास्त लिहिले जात असतील, किंवा लिहिण्याचा वेग तोच असून जुने संदेश मोडायचे थांबले असतील. दोन्हींना 'एक्स्प्रेशन वाढलं' म्हणतात, पण प्रमोटरचा संबंध फक्त पहिल्याशी आहे. तुम्ही थेट ड्रेकडे गेलात, म्हणजे येणारा नळच फिरला असं न तपासता धरून चाललात.

तपासायचा एक सोपा मार्ग तुमच्या आवाक्यात आहे. नव्याने लिहिलेल्या आरएनएमध्ये इंट्रॉन, म्हणजे प्रथिनात न उतरणारे मधले तुकडे, अजून शाबूत असतात. ते लवकरच कापले जातात. म्हणून एक प्रायमर इंट्रॉनच्या आत ठेवून मोजलंत तर साधारणपणे 'आत्ता किती लिहिलं जातंय' याचा अंदाज येतो. इंट्रॉनवाला आरएनएही तेवढाच वाढला तर येणारा नळ, तो जागच्या जागी आणि पक्व संदेश मात्र वाढला तर जाणारा. दोन खबरदाऱ्या मात्र घ्याच. एक, सॅम्पलमध्ये जीनोमिक डीएनए उरला असेल तर त्यातही इंट्रॉन असतातच, म्हणून रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेला कंट्रोल प्रत्येक सॅम्पलचा हवा. दोन, ताणात इंट्रॉन कापण्याची क्रियाच मंदावू शकते, म्हणून एकाऐवजी दोन वेगळे इंट्रॉन तपासा. तुमच्या जनुकात इंट्रॉनच नसेल, आणि ड्रेला चिकटणाऱ्या प्रथिनांच्या कुळातल्या बऱ्याच जनुकांत नसतोच, तर हा मार्ग बंद. मग प्रतिलेखन, म्हणजे आरएनए लिहिणं, रोखणारं रसायन देऊन संदेश किती वेगाने ओसरतो ते दोन्ही गटांत मोजावं लागेल. ते जास्त किचकट आहे आणि रसायन पानात नीट शिरतं का हे पिकावर अवलंबून आहे.

आता तो ड्रे. त्याचा गाभा सहा अक्षरांचा: आधी ए किंवा जी, आणि पुढे सीसीजीएसी. कागद घ्या. चारही अक्षरं सारख्या प्रमाणात आहेत असं धरलं तर ठरावीक सहा अक्षरं ४,०९६ जागांत एकदा योगायोगाने येतात. पहिल्या जागी दोन अक्षरं चालतात, म्हणून २,०४८ मध्ये एकदा. डीएनएचे दोन्ही धागे तपासतो, म्हणून १,०२४ मध्ये एकदा. तुम्ही दीड हजार अक्षरं शोधलीत. म्हणजे एखादा ड्रे नुसत्या योगायोगानेच सापडायला हवा होता! ए आणि टी ही अक्षरं जास्त असलेल्या जीनोममध्ये हा आकडा थोडा खाली येईल, पण मुद्दा तोच राहतो. हे गणित मी मौखिक परीक्षेत फळ्यावर करायला लावते. प्रमोटरची रंगीत चौकोनांनी नटलेली आकृती काढणाऱ्या किती जणांनी आयुष्यात एकदा तरी ते केलेलं असतं, कोण जाणे.

याचा अर्थ ड्रे खोटा आहे असा नाही. १९९४ साली अ‍ॅराबिडॉप्सिसच्या आरडी२९ए या जनुकात तो सापडला, तेव्हा त्याच्यामागे नुसता शोधसंगणक नव्हता. प्रमोटरचे तुकडे रिपोर्टर जनुकाला, म्हणजे ज्याचं काम सहज मोजता येतं अशा जनुकाला, जोडून आणि अक्षरं बदलून, कोणत्या तुकड्याविना प्रतिसाद जातो हे दाखवलेलं होतं. तुम्हाला नेमकं तेच करायचं आहे. तुमचा प्रमोटर ल्युसिफरेजला, म्हणजे उजेड देणाऱ्या रिपोर्टरला, जोडा, दुसऱ्या प्रतीत ड्रेची अक्षरं मोडा, आणि दोघांच्या प्रतिसादाची तुलना करा. पूर्ण रोप ट्रान्सजेनिक करायची सोय नसेल तर प्रोटोप्लास्टमध्ये, म्हणजे भिंत काढलेल्या पेशींत, किंवा तंबाखूच्या कुळातल्या बेन्थामियाना रोपाच्या पानात तात्पुरतं करता येईल. त्यातला धोका असा की जनुक आत नेणारे जिवाणू पानात टोचणं हाच मोठा ताण आहे, त्यामुळे 'ताण नसलेला' कंट्रोल मुळातच ताणात असतो. मी स्वतः प्रोटोप्लास्ट आणि अ‍ॅब्सिसिक आम्ल (दुष्काळात वाढणारं संप्रेरक) हा जोड वापरते, पण तुमच्या जनुकाचा प्रतिसाद त्या संप्रेरकावाचून होत असेल तर उपयोग नाही. ड्रेवरून जाणारा मार्ग बऱ्याच प्रमाणात त्याच्यावाचूनच चालतो. म्हणून आधी रोपांवर नुसतं अ‍ॅब्सिसिक आम्ल देऊन जनुक उठतं का ते पाहा. फवाऱ्याचा कंट्रोल विसरू नका, ब्राम आणि डेव्हिस आठवा.

आणि दीड हजार अक्षरांची ही लक्ष्मणरेषा कोणी आखली? आपणच, सोयीसाठी. भातात लोंबीतून दाणे झडणं कमी होण्यामागच्या क्यूएसएच१ या जनुकात फरक आहे एका अक्षराचा, आणि ते अक्षर जनुकापासून सुमारे १२,००० अक्षरं दूर आहे. मक्याच्या रानटी पूर्वजाला भरपूर फुटवे येतात आणि मक्याला सहसा एकच ताठ खोड असतं. त्यामागे टीबी१ जनुकाच्या सुमारे ६०,००० अक्षरं आधी येऊन बसलेला एक उडता घटक आहे. दोन्हींत प्रथिन बिघडलेलं नाही, बदललं ते कधी, कुठे आणि किती बनवायचं हे. उलट बाजूचं उदाहरण फुलोरा रोखणाऱ्या एफएलसी जनुकाचं. काही आठवड्यांची थंडी पडून गेली की अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये ते बंद होतं आणि ऊब आल्यावरही बंदच राहतं. अक्षर एकही बदललेलं नसतं; डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर खुणा चढून कुलूप लागलेलं असतं. असं नियमन तुमच्या अक्षरशोधाला दिसणारच नाही.

इथे थोडं वर्गाकडे वळते, कारण तुमच्या शीर्षकाची मुळं मला तिथे दिसतात. आपण शिकवताना डीएनए, मग आरएनए, मग प्रथिन असे बाण काढतो आणि विद्यार्थी त्याचा अर्थ 'हे वाढलं की ते वाढतं' असा घेतात. तो मोडायला मी पेटुनियाची गोष्ट अर्ध्यावर सोडते. १९९० मध्ये कॅरोलिन नपोली, रिचर्ड जॉर्गनसन आणि सहकाऱ्यांनी जांभळा रंग गडद व्हावा म्हणून रंगद्रव्याच्या मार्गावरल्या चाल्कोन सिन्थेज या एन्झाइमच्या जनुकाची जादा प्रत पेटुनियात घातली. फुलं कशी आली असतील, वहीत लिहा. जवळपास सगळे 'गडद जांभळी' लिहितात. प्रत्यक्षात बऱ्याच रोपांना पांढरी किंवा पांढऱ्या नक्षीची फुलं आली, आणि पांढऱ्या फुलांत मूळ जनुकाचाही संदेश पन्नासपट कमी झालेला होता. जादा प्रतीने स्वतःसकट घरच्यालाही गप्प केलं. हे कसं झालं याचं उत्तर हळूहळू मिळालं. १९९९ मध्ये हॅमिल्टन आणि बॉलकोम्ब यांनी वनस्पतींत सुमारे २५ अक्षरांचे छोटे आरएनए दाखवले, तेव्हा गप्प करणारे कोण ते दिसायला लागलं. वर्गातल्या मुलांचं चुकणं मला हवंच असतं. वहीत आपल्याच अक्षरात लिहिलेलं चुकीचं भाकीत पुढे वर्षभर लक्षात राहतं.

तुमच्या विषयाला याहून जवळचं उदाहरण म्हणजे डीआरईबी२ए. नाव बघा, ड्रेला चिकटणाराच ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. दुष्काळात त्याचा संदेश वाढतो. मग ते जनुक रोपात भरपूर चालू ठेवलं तर रोप कणखर व्हायला हवं? फारसं काहीच झालं नाही. कारण साध्या परिस्थितीत ते प्रथिन बनतं आणि लगेच मोडलं जातं. त्याच्या मधला एक छोटा भाग काढून टाकल्यावर ते टिकायला लागलं, आणि मग रोपांचा दुष्काळाला तग वाढला. म्हणजे नियमनाची एक कडी संदेश तयार झाल्यानंतरची होती. तुमचं जनुकही ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरचं आहे. आठपट संदेशातून प्रथिन किती बनतं, ते टिकतं का, केंद्रकात जातं का, यातलं काहीच तुम्हाला अजून माहीत नाही. अँटिबॉडी मिळाली तर वेस्टर्न ब्लॉट करून प्रथिनच मोजा. नाही मिळाली तर निदान प्रबंधात ही रिकामी जागा आपण होऊन दाखवा.

आता तिसरा प्रश्न, शीर्षकातला. आग लागली की बंब येतो, आणि बघ्यांची गर्दीही जमते. आगीच्या जागी कोणाची संख्या आठपट झाली यावरून आग कोण विझवतं ते ठरत नाही. त्यासाठी त्या माणसाला हटवून बघावं लागतं. म्हणजे जनुक बंद करून रोप जास्त लवकर कोलमडतं का, आणि तेच जनुक परत घातलं की सावरतं का. तुमच्या पिकात म्युटंट नाहीत, तर विषाणूच्या मदतीने जनुक तात्पुरतं गप्प करण्याचं तंत्र आहे, ज्याला सगळे व्हिग्स म्हणतात. ते तुमच्या पिकात कोणी यशस्वी केलेलं असेल तरच हात घाला. दहा महिन्यांत नव्याने बसवणं मला अशक्य वाटतं. विषाणू स्वतः ताण देतो, म्हणून रिकाम्या विषाणूचा कंट्रोल हवा. आणि गप्प करूनही काही फरक दिसला नाही, तर जनुक निरुपयोगी असा निष्कर्ष काढू नका. वनस्पतींच्या जीनोमची वारंवार दुप्पट झालेली आहे. एकाच कामाला भावंडं असतात आणि एक गेलं तर दुसरं उभं राहतं.

बरेच जण मग सोपी वाट धरतात: जनुक अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये घालायचं, ३५एस प्रमोटरखाली सगळीकडे, सगळा वेळ चालू ठेवायचं, पाणी तोडायचं, कंट्रोल मेलेलं आणि आपलं हिरवं असा फोटो छापायचा. या फोटोंबद्दल मी जरा कडवट आहे. ३५एस म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मुळात, खोडात, फुलात, ताण नसताना, सगळीकडे बंब. डीआरईबी१ए हे त्याच कुळातलं जनुक असं चालू ठेवल्यावर रोपांचा तग वाढला, पण ती खुजी राहिली. १९९९ मध्ये तेच जनुक आरडी२९एच्या, म्हणजे ताणातच जागं होणाऱ्या प्रमोटरखाली घातलं, तेव्हा खुजेपणा जवळपास गेला आणि तग राहिला. जनुक तेच, बदलली ती फक्त वेळ आणि जागा. नियमन म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी हे एकच उदाहरण देईन.

आणि त्या फोटोतला खरा सापळा कुंडीत असतो. खुजं रोप कमी पाणी पितं. त्याच्या कुंडीतली माती उशिरा सुकते. बारा दिवसांनी ते हिरवं असतं कारण त्याला अजून दुष्काळ भेटलेलाच नाही! दोन्ही प्रकारची रोपं एकाच कुंडीत शेजारी लावा, म्हणजे माती एकच राहील. किंवा दिवसांऐवजी मातीतल्या ओलाव्यावर तुलना करा. मी परीक्षक असते तेव्हा हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर बहुतेक वेळा शांतता.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? पहिले तीन महिने चित्रफितीवाला प्रयोग, पाणी परत देण्यासकट, एकाच तासात काढलेली पानं, निदान चार स्वतंत्र रोपं प्रत्येक टप्प्यावर, आणि आरएनए जास्तीचा काढून ठेवलेला. त्याच आरएनएवर इंट्रॉनचे प्रायमर. त्याला आठवडाभर पुरतो. येणारा नळ फिरलेला निघाला तर रिपोर्टर आणि मोडलेला ड्रे, त्याला चार महिने. जाणारा नळ निघाला तर रिपोर्टर सोडून द्या आणि संदेश किती टिकतो याच्या मागे लागा. तो प्रबंध कदाचित जास्त रंजक होईल, कारण तिकडे गर्दी कमी आहे. व्हिग्स फक्त शेजारच्या प्रयोगशाळेत चालू असेल तर. उरलेले महिने लिहायला ठेवा, ते नेहमीच कमी पडतात. हा क्रम तुमच्या ग्रोथ चेंबरमध्ये किती जागा आहे आणि पीक किती दिवसांचं आहे यावर हलेल. साठ दिवसांनी फुलणाऱ्या रोपाला आणि दोन वर्षांच्या झाडाला एकच वेळापत्रक लागू पडत नाही.

राहिलं शीर्षक. 'नियमन करतं' हे क्रियापद आत्ता काढा. तुमच्या जनुकाचं नियमन होतं की ते स्वतः नियमन करतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमचे दहा महिने पहिलीलाच पुरतील. 'पाण्याच्या कमतरतेत अमुक जनुकाच्या संदेशपातळीत होणारा बदल आणि त्यातील प्रमोटरचा वाटा' असं काहीतरी मला चालेल. रुक्ष आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द तुम्ही मौखिक परीक्षेत उभं राहून सांभाळू शकाल. ते मार्गदर्शकांना दाखवायला जाताना पानं काढल्याच्या वेळांची वही सोबत ठेवा. माझ्या अंदाजाने ते आधी तीच मागतील.